गुडघा बाहेरून दुखतो तेव्हा

गुडघा दुखतो म्हटलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं, ‘झीज झाली!’ मला ते छत्तिसाव्या वर्षीच ऐकावं लागलं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी मी यवतेश्वरच्या घाटात पळायचा सराव करत होते. चढताना काही नाही; उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ यायची की पाय टेकवेना. थांबलं की गायब, पळू लागलं की हजर! एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी डॉक्टरांनी ‘आता पळणं कायमचं बंद’ म्हणून सांगितलं. सासूबाई तर वाटच पाहत होत्या. ‘बायकांनी रस्त्यावर धावायचं म्हणजे हे असंच!’

शेवटी मैत्रिणीने फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी मला टेबलावर झोपवून गुडघा काटकोनात वाकवला, सांध्याच्या दोन बोटं वर, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर अंगठा दाबला आणि पाय हळूहळू सरळ करायला लावला. पाय सरळ व्हायला थोडा बाकी असतानाच नेमकी तीच कळ आली. मी ओरडलेच. “ही झीज नव्हे, पट्टा आहे,” त्या म्हणाल्या.

खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याचं नाव इलिओटिबियल बँड. या दुखण्याचं वर्णन १९७५ साली अमेरिकन नौदलातल्या एका डॉक्टरांनी केलं, तेही कसून सराव करणाऱ्या तरण्याबांड मरीन सैनिकांमध्ये. म्हणजे वयाचा काय संबंध? पट्टा हाडावर घासतो, असं तेव्हा वाटे. आता बरेच तज्ज्ञ म्हणतात, की पट्ट्याखालच्या चरबीच्या थरावर दाब येतो आणि तोच दुखतो. म्हणून तिथे तेल लावून जोरजोरात रगडू नका हं. मी आठवडाभर रगडलं आणि वाढवून घेतलं.

मुळात चुकलं कुठे? पंधरा दिवसांत मी अंतर जवळजवळ दुप्पट केलं होतं, त्यात उतार. आणि खुब्याचे स्नायू कच्चे. दिवसभर ओट्याशी उभं राहिलं म्हणजे ते बळकट होतात, हा माझा गैरसमज!

उपाय अगदी साधे, पण चिकाटीचे. पहिले काही दिवस पळणं बंद, सपाटीवर दुखेल त्याच्या आत चालणं. कळ आली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. मग मुख्य व्यायाम: कुशीवर निजायचं, खालचा पाय दुमडायचा, वरचा सरळ ठेवून टाच किंचित मागे न्यायची आणि पाय हळूहळू वर उचलायचा. बोटं छताकडे वळू द्यायची नाहीत, नाहीतर मांडीच्या पुढचेच स्नायू राबतात आणि खुबा आळशी तो आळशीच. सुरुवात दहा वेळांनी. मी तो मुलांचा अभ्यास घेताना सतरंजीवरच करते; आता तीही करतात.

गुडघा सुजला, अडकला, लचकला किंवा रात्री विश्रांतीतही दुखू लागला, तर मात्र हे घरगुती उपाय नकोत. अस्थितज्ज्ञांनाच दाखवा.

मला दोन महिने लागले. आता एक दिवसाआड पळते. घाट पळत चढते आणि चालत उतरते. सासूबाई विचारतात, “आज किती झाले?”