अपरिचितभय व पूर्वग्रह
अनोळखी व्यक्ती, भाषा, वेश वा चालीरीती यांच्याविषयी वाटणारे भय आणि त्यातून एखाद्या संपूर्ण समूहाविषयी पुराव्याखेरीज बनणारे प्रतिकूल मत. भय ही क्षणिक भावना होय. पूर्वग्रह ही टिकाऊ अभिवृत्ती होय. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर आपोआप होत नाही; त्यास सामाजिक शिकवण, अफवा, हितसंबंध आणि प्रसंगी कायदाही कारणीभूत होतो.

मूल साधारणतः सात-आठ महिन्यांचे झाले, की अनोळखी चेहरा पाहून रडू लागते. ही प्रतिक्रिया पुढे बहुधा ओसरते. परिचयाने भय कमी होऊन आवड वाढते, असे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखविले. निरर्थक शब्द वा अनोळखी लिपिचिन्हे वारंवार दाखविली असता, केवळ त्या पुनरावृत्तीमुळेच ती लोकांना अधिक बरी वाटू लागली. यावरून अपरिचितभय जन्मजात असले, तरी ते अटळ नाही, हे स्पष्ट होते.

पूर्वग्रहात मात्र व्यक्ती दिसेनाशी होऊन केवळ वर्ग उरतो. एकाचा दोष साऱ्या समूहाला चिकटतो. चांगला अनुभव अपवाद म्हणून बाजूस सारला जातो. यासाठी प्रत्यक्ष अनुभवाचीही गरज नसते. यूजीन हार्टली याने अमेरिकन विद्यार्थ्यांना निरनिराळ्या जनसमूहांविषयी विचारताना त्यांत ‘डॅनिरिअन’, ‘पायरेनिअन’ आणि ‘वॉलोनिअन’ ही तीन काल्पनिक नावे घातली होती. इतर समूहांविषयी ज्यांची मते प्रतिकूल होती, त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या या समूहांविषयीही बहुधा तशीच मते दिली (१९४६).

भयाला कायद्याचे रूप कसे मिळते, याचे ठळक उदाहरण ब्रिटिश अमदानीतील गुन्हेगार जमाती कायदा (१८७१) हे होय. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहणारे लमाण, तसेच कसरती, टोपल्या विणणे, औषधी विकणे इ. व्यवसाय करणारे भटके लोक गावांच्या परिचयाचे होते. रेल्वे व पक्के रस्ते झाल्यावर तांड्यांचा व्यापार बसला आणि जंगलांवरील निर्बंधांनी अनेकांची उपजीविका आकुंचित झाली. ठरावीक गाव व पत्ता नसलेला माणूस शासनाच्या दृष्टीने संशयास्पद ठरला. भारतातील व्यवसाय जातिनिष्ठ असल्यामुळे गुन्हाही वंशपरंपरेने चालतो, ही या कायद्यामागील भूमिका होती. एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित झाली, की त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. नोंदणी, हजेरी आणि परवान्यावाचून बाहेर जाण्यास बंदी, असे निर्बंध त्या जमातीवर येत. १९११ च्या कायद्याने ही तरतूद मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश भारतास लागू होऊ शकली. सोलापूर, हुबळी इ. ठिकाणी अशा जमातींच्या वसाहती (सेटलमेंट) होत्या. कुंपणाआडच्या माणसाशी गावाचा संबंध तुटला आणि कुंपण हाच त्याच्या गुन्हेगारीचा पुरावा मानला जाऊ लागला.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि त्यांच्यावरील शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे उपरा (१९८०) हे शीर्षकच परकेपणाचे वाचक आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) मध्येही या शिक्क्याखालील जीवन आढळते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षेसाठी आले होते. अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली. साधन नवे असले, तरी फिरस्ता म्हणजे धोका हे समीकरण जुनेच होते.

पूर्वग्रह-निवारणाचा उपाय म्हणून परस्परसंपर्काचा उल्लेख केला जातो. गॉर्डन ऑलपोर्ट (१८९७–१९६७) याने १९५४ मध्ये त्यासाठी चार अटी सांगितल्या : समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि कायदा वा संस्था यांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्र्यू व लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या अटी पूर्ण नसतानाही संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः कमी होतो. त्या पूर्ण असल्यास परिणाम अधिक होतो, असे त्यांना आढळले. मात्र प्रत्येक भेट हितकर ठरतेच असे नाही. पोलीस चौकीवरील रोजची हजेरी हाही एक संपर्कच होता. पण त्यात एक बाजू कायम संशयिताची होती. शाळेतील एकच बाक, एकाच कारखान्यातील काम, ग्रामसभेतील समान हक्क यांतून घडणारा परिचय वेगळ्या प्रकारचा असतो. त्यात अनोळखी समूहाच्या जागी नाव असलेली माणसे दिसू लागतात आणि भयाचा आधार नाहीसा होतो.