पळसाचं पान आणि भित्रा उंदीर

पोरांनो, गडचिरोलीहून आलापल्लीकडे जाताना रस्त्याच्या कडेला पळस दिसतो ना, ज्याच्या पत्रावळीवर आपण जेवतो, त्याची ही गोष्ट. तिच्यात एक भित्रा उंदीरही आहे.

उंदराला भीती वाटते का, हे त्याला विचारायचं कसं? पण जंगल त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ताडोबातला उंदीर उघड्यावर आला की वर घुबड, खाली साप. म्हणून तो आडोशाने पळतो. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पांढऱ्या उंदराने घुबड कधी पाहिलेलं नसतं, तरी तो भिंतच धरतो. शास्त्रज्ञांनी ही खोडच कामाला लावली. अधिकच्या चिन्हाच्या आकारात चार वाटा, जमिनीपासून सुमारे 50 सेंटिमीटर उंच. दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा आणि पाच मिनिटं बघायचं. घाबरलेला भिंतींच्या वाटेत बसून राहतो. भीती ओसरलेला उघड्या वाटेवर जाऊन खाली डोकावतो. किती साधा, किती सुंदर प्रश्न! 1985 साली पारखून घेतलेली ही रीत आज जगभर चालते.

2004 साली सोमण, मेंगी आणि कस्तुरे या संशोधकांनी पळसाच्या पानांचा अर्क उंदरांना देऊन हीच परीक्षा घेतली. डायझेपाम, म्हणजे माणसांना चिंतेवर देतात ते औषध, घेतलेले उंदीर जसे उघड्या वाटेवर जास्त जातात, तसेच हेही जाऊ लागले. ताण दिला की उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. अर्काने ती वाढही आवरली. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. वागणं पाहताना डोळा फसू शकतो, धिटाई आणि नुसती चुळबुळ लांबून सारखीच दिसते. रक्तातलं संप्रेरक मोजता येतं.

पानं वाटून पिऊ मात्र नका हं! उंदराला मिळाला तो मोजून दिलेला अर्क, आणि माणसाची चिंता पाच मिनिटांच्या वाटेत मावत नाही.

पळसाच्या फुलांचीही परीक्षा आधी झाली होती, पण भीतीवर नाही, झटक्यांवर. कस्तुरे आणि चोपडे यांनी 2002 साली त्यांतल्या ट्रायटर्पीन प्रकारच्या एका रसायनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विजेच्या धक्क्याने येणारे झटके त्याने रोखले, पण कुचल्याच्या बियांतल्या स्ट्रिक्नीनपुढे त्याचं काही चाललं नाही. स्ट्रिक्नीन मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, नसांना आवर घालणाऱ्या ग्लायसीनचं काम अडवून, झटके आणतं. तिथे दुसरंच औषध शोधावं लागणार.