बारा कार्षापणांचा हिशेब

शहागडच्या पुलाखालून वाहणारं गोदावरीचं पाणी नाशिक आणि पैठण बघून आलेलं असतं. त्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, बौद्ध भिक्खूंसाठी ठेवलेल्या एका निधीचा हिशेब सुमारे १९०० वर्षांपासून भिंतीवर कोरलेला आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर तो आजही तपासता येतो. आणि तो जुळतो!

लेणं क्रमांक १०. दाता उषवदात, क्षहरात राजा नहपानाचा जावई. त्याने संघाला नुसतं लेणं कोरून दिलं नाही; सोबत ३००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायचं अशी कायमची ठेव. ती ना विहाराच्या पेटीत गेली, ना राजाच्या खजिन्यात. जवळच्या गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ती गुंतवली: एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक दराने; दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. (एकच गाव, एकच धंदा आणि दर दोन. घासाघीस तेव्हाही होत असणार.)

आता गणित मांडा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख सांगतो, लेण्यात वर्षावास म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही. उरलेल्या १००० वर वर्षाला येणारे ९० किरकोळ खर्चाला, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. लेखात ही बेरीज कुठेच नाही. मुद्दल, दर, माणसं आणि डोईची रक्कम दिली की ती ज्याची त्याला करता येते.

मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते यापुढचं वाक्य. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवलं, असं तिथे लिहिलंय. रिवाजाप्रमाणे! म्हणजे राजाच्या जावयालाही चारचौघांत देणगी वाचून दाखवावी लागे, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे.

दान भिंतीवर कोरून ठेवण्याचा मान फक्त राजघराण्याचा होता असंही नाही. याच डोंगरात रामणक नावाच्या व्यापाऱ्याने १०० कार्षापण ठेवले आणि वर्षावासातल्या भिक्खूच्या चीवराला १२ लावून दिले, प्रमाण तेच. मुगुदास हा मच्छीमार, त्याच्याही दानाची नोंद आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी निधी ठेवला, तोही एकाच ठिकाणी नाही. कुंभार, पाणी उचलायची यंत्रं करणारे, तेली अशा निरनिराळ्या श्रेणींत तिने पैसे वाटून ठेवले. एक धंदा बसला तरी औषधं थांबू नयेत, एवढा विचार तिने केला असावा. शहागडच्या मंडळींना जवळचं नाव हवं असेल तर पितळखोऱ्याच्या लेण्यांत जावं: तिथला एक खांब पैठणच्या मितदेव या गंधिकाच्या, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणाऱ्याच्या, घराण्याने दिल्याचं त्या खांबावरच कोरलेलं आहे.

आजच्या विहारांतही फरशीवर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर दात्यांची नावं असतात. व्याजाचा दर आणि लाभार्थींची संख्या मात्र सहसा कुणी लिहीत नाही. त्या बाबतीत आपण उषवदाताच्या मागेच आहोत, असं मला वाटतं.

पण त्याच्या भिंतीवरही एक बाजू नाही. काय द्यायचं ते तिथे आहे. दरसाल खरंच किती दिलं, ते नाही. ती खर्चाची बाजू आज कायदा मागतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या विहाराला दरवर्षी जमाखर्च मांडावा लागतो, लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं आणि तो अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पोचवावा लागतो. विश्वस्तांना परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही ही उषवदाताची अट, परवानगीची सवलत सोडली तर, आता सातबाऱ्यालाही लागू आहे.