उत्तुंग इमारतींना विरोध : हरकत केव्हा टिकते?
राजधानी परिसरातील दोन प्रकरणे आणि त्यांतून मिळणारा धडा

शाळा, महाविद्यालय अथवा वसतिगृह यांच्या शेजारी बहुमजली इमारत उभी राहणार असल्याचे कळताच परिसरात अस्वस्थता पसरते. मुलींच्या वसतिगृहाचा खासगीपणा, अरुंद रस्त्यांवरील वाहतुकीचा ताण, पाणी, उजेड आणि बांधकामाची धूळ हे प्रश्न पुढे येतात. सभा होतात, निवेदने दिली जातात आणि अखेरीस प्रकरण न्यायालयात जाते. तेथे मात्र सारख्या वाटणाऱ्या तक्रारींचे निकाल अगदी भिन्न लागू शकतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील दोन प्रकरणांवरून ही बाब स्पष्ट होते. यांपैकी दिल्ली विद्यापीठाची याचिका फेटाळली गेली, तर नोइडातील रहिवाशांच्या याचिकेमुळे शंभर मीटर उंचीची इमारत जमीनदोस्त करण्यात आली.

विद्यापीठाच्या दारातील मनोरा

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरात विश्वविद्यालय मेट्रो स्थानक डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाले. या स्थानकासाठी संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यातील सुमारे तीन हेक्टर जमीन २००१ मध्ये दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाकडे आली होती. स्थानकासाठी लागणारी जागा वगळता उरलेल्या सुमारे दोन हेक्टर जमिनीचा व्यापारी विकास करण्याचे महामंडळाने ठरविले. २००५ मध्ये या जमिनीचा वापर निवासी करण्यात आला आणि २००८ मध्ये ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खासगी विकासकाला देण्यात आली. या व्यवहारातून महामंडळाला सुमारे २१८ कोटी रुपये मिळाले. या जागेवर ३९ मजली निवासी इमारत प्रस्तावित होती.

१९४८ मध्ये स्थापन झालेले मिरांडा हाउस हे महिला महाविद्यालय आणि विद्यार्थिनींची वसतिगृहे या जागेच्या जवळच आहेत. वसतिगृहांच्या अंगणात आणि गच्चीवर वरच्या मजल्यांवरून सहज नजर पोहोचेल, छात्र मार्गावरील रहदारी वाढेल आणि लगतच्या रिज वनक्षेत्राच्या पर्यावरणावर भार पडेल, अशी भूमिका विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मांडली. त्यांच्या बाजूने एक महत्त्वाचा आधारही होता. २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यात ल्युटेन्स बंगला क्षेत्र, सिव्हिल लाइन्स आणि विद्यापीठाचा उत्तर परिसर येथे उंच इमारतींवर निर्बंध आवश्यक असल्याचे नमूद केलेले आहे.

विद्यापीठाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली ती २०१२ मध्ये, म्हणजे जमिनीचा वापर बदलल्यानंतर सात वर्षांनी आणि भाडेपट्ट्यानंतर चार वर्षांनी. एकल न्यायाधीशांनी २७ एप्रिल २०१५ रोजी ती फेटाळली. या निर्णयाविरुद्ध त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. विद्यापीठाच्या अपिलास तब्बल ९१६ दिवसांचा विलंब झाला. कुलगुरूंची अनुपलब्धता, त्यानंतर कुलगुरूंमध्ये झालेला बदल आणि कार्यकारी परिषदेची मान्यता घेण्यात गेलेला वेळ, अशी कारणे विद्यापीठाने दिली. खंडपीठाने ती स्वीकारली नाहीत. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला.

सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत विलंबाकडे काहीसे उदारपणे पाहता येते. परंतु त्यासाठी समाधानकारक स्पष्टीकरण असावे लागते, असा या निकालाचा आशय आहे. दरम्यानच्या काळात पैशांचा व्यवहार पूर्ण झालेला असतो आणि इतरांचे हक्क निर्माण झालेले असतात, हेही न्यायालय विचारात घेते. परिणामी इमारत तेथे असावी की नसावी, हा विद्यार्थिनींच्या दृष्टीने मुख्य असलेला प्रश्न या अपिलात गुणवत्तेवर तपासला गेलाच नाही. प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीचा वाद पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला.

नोइडातील बागेची जागा

दुसरे प्रकरण नोइडातील सेक्टर ९३-ए मधील एमरल्ड कोर्ट या वसाहतीचे आहे. २००५ मध्ये मंजूर झालेल्या मूळ आराखड्यात येथे तळमजला आणि नऊ मजल्यांच्या १४ इमारती होत्या. पुढे आराखड्यात बदल होत गेले. सदनिका घेणाऱ्यांना दाखविलेल्या आराखड्यात पहिल्या क्रमांकाच्या इमारतीलगत बाग होती. २००९ मध्ये त्याच बाजूला प्रत्येकी २४ मजल्यांच्या दोन नव्या इमारतींना नोइडा प्राधिकरणाने मंजुरी दिली आणि मार्च २०१२ मध्ये ही मर्यादा ४० मजल्यांपर्यंत वाढविली.

रहिवासी संघाने प्राधिकरणाकडे मंजूर नकाशांची मागणी केली. प्राधिकरणाने त्यासाठी विकासकाची, म्हणजे सुपरटेक कंपनीची संमती विचारली. कंपनीने नकार दिला आणि नकाशे रहिवाशांना मिळाले नाहीत. त्यानंतर २०१२ मध्येच रहिवासी अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ११ एप्रिल २०१४ रोजी दोन्ही इमारती पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या पीठाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तो कायम केला.

या निकालाचा पाया मोजता येण्याजोगा होता. नियमानुसार दोन इमारतींमध्ये किमान १६ मीटर अंतर आवश्यक असताना प्रत्यक्षात ते नऊ मीटरच होते. दोन्ही इमारती एकाच गटाचा भाग असल्याने अंतराचा नियम लागू होत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने अमान्य केला. सामाईक जागेत बदल करताना उत्तर प्रदेशच्या सदनिकाविषयक कायद्यानुसार आवश्यक असलेली सदनिकाधारकांची संमतीही घेतलेली नव्हती. प्राधिकरणाचे अधिकारी आणि विकासक यांच्यात संगनमत असल्याचा ठपकाही न्यायालयाने ठेवला. खरेदीदारांना १२ टक्के व्याजासह रक्कम परत करावी आणि रहिवासी संघास खर्चापोटी दोन कोटी रुपये द्यावेत, असे आदेश देण्यात आले.

२८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता सुमारे ३,७०० किलो स्फोटकांच्या साहाय्याने या इमारती पाडण्यात आल्या. मुंबईच्या एडिफिस इंजिनीअरिंग या कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील जेट डिमॉलिशनच्या सहकार्याने हे काम केले. सुमारे १०३ आणि ९७ मीटर उंचीच्या या इमारती काही सेकंदांत कोसळल्या.

शाळेला कायद्याचे संरक्षण किती?

‘इमारत फार उंच आहे’ एवढे कारण न्यायालयात सहसा पुरेसे ठरत नाही. उंची ही रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र, चटईक्षेत्र निर्देशांक, अग्निसुरक्षा आणि विमानतळाचे निर्बंध यांवरून ठरते. या मर्यादांत बसणारी इमारत शेजाऱ्यांना न रुचली तरी ती बेकायदा ठरत नाही.

शैक्षणिक संस्थांसाठी काही तरतुदी मात्र स्पष्ट आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शैक्षणिक संस्थेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल असते. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामास २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण परवानगी लागते.

उजेड आणि हवा यांचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. एखाद्या वास्तूने २० वर्षे अखंडपणे आणि निर्वेधपणे त्यांचा उपभोग घेतला असेल, तर तो हक्क सांगता येतो. शेजाऱ्याच्या खिडकीतून घरात डोकावले जाऊ नये, हा हक्क मात्र या कायद्याने स्थानिक रूढीवर सोपविला आहे. वसतिगृहाच्या खासगीपणाची चिंता कितीही रास्त असली, तरी केवळ तिच्या बळावर इमारत रोखणे कठीण का जाते, याचे एक कारण येथे सापडते.

हरकतीची योग्य वेळ

पहिली संधी जमिनीचा वापर बदलताना मिळते. दिल्ली विकास अधिनियम, १९५७ नुसार आराखड्यातील फेरबदलापूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. महाराष्ट्रातही प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास योजनेतील फेरबदलावर हरकती आणि सूचना मांडण्यासाठी एक महिन्याची मुदत असते. ही सूचना राजपत्रात आणि वृत्तपत्रांत येते. परंतु त्या वेळी जागेवर एक वीटही रचलेली नसते. त्यामुळे पालक, शिक्षक आणि रहिवासी यांचे तिच्याकडे लक्ष जात नाही.

दुसरी संधी नकाशा मंजूर झाल्यानंतरची असते. मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागता येतो. शिवाय २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर आराखडे राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असावे लागतात. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार आराखड्यात मोठा बदल करण्यासाठी दोनतृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती लागते. हा अधिकार त्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांचा आहे. शेजारच्या शाळेला त्याचा लाभ होत नाही. शाळेला नियमभंग दाखवूनच लढावे लागते.

पायाखोदाई सुरू झाल्यावर विरोधाला गर्दी मिळते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तोवर बराच उशीर झालेला असतो. नोइडातही इमारतींचे काम सुरू झालेलेच होते. परंतु ४० मजल्यांची मंजुरी मिळाली त्याच वर्षी रहिवासी न्यायालयात गेले होते आणि नऊ मीटरचे अंतर कोणालाही मोजून पाहता येत होते. विद्यापीठाकडे बृहत् आराखड्यातील निर्बंधाचा आधार असूनही ९१६ दिवसांचा हिशेब समाधानकारकपणे देता आला नाही. शाळांची व्यवस्थापने आणि पालक संघ यांनी आपल्या परिसराच्या विकास आराखड्यातील फेरबदलांच्या सूचना नियमितपणे पाहणे, हा या दोन्ही निकालांतून निघणारा साधा पण उपयुक्त निष्कर्ष आहे.