कारखान्याचा स्वतःचा ‘रूट’

भोसरी एमआयडीसीतल्या क्वालिटीवाल्यांना ‘ट्रेसेबिलिटी’ शिकवावी लागत नाही. रोजचं प्लग गेज मास्टरशी ताडलेलं, मास्टर एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून कॅलिब्रेट झालेला, आणि ती साखळी थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. एचटीटीपीएसचा विश्वास अगदी असाच चालतो. वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर मधल्या प्राधिकरणाची सही, त्याच्यावर ‘रूट’ची, म्हणजे साखळीच्या टोकाला असलेल्या मूळ सर्टिफिकेटची. रूट आपल्या कॉम्प्युटरच्या यादीत असेल तर पान बिनबोभाट उघडतं, नसेल तर लाल इशारा!

ही सर्टिफिकेटची कल्पना कुणाची? पदवीच्या एका विद्यार्थ्याची. लोरेन कोनफेल्डरने १९७८ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात ती मांडली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कमी लेखणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता शॉपवर या. ईआरपी, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, मशीनचं उत्पादन दाखवणारा डॅशबोर्ड, सगळे १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर. बाहेरचं कुठलंही प्राधिकरण त्यांना सर्टिफिकेट देत नाही, कारण तोच पत्ता शेजारच्या गाळ्यातही असतो. त्याचा मालक कोण, हे सिद्ध कसं करायचं? अशा आतल्या पत्त्यांची आणि नावांची उरलीसुरली सर्टिफिकेटंही १ ऑक्टोबर २०१६ पासून बाद झाली. मग ऑपरेटर ‘तरीही पुढे जा’ दाबायला शिकतो, आणि मला खरी भीती याच सवयीची वाटते. उद्या खोटं पान समोर आलं तरी तो तेच दाबणार.

उपाय म्हणजे कारखान्याचं स्वतःचं प्राधिकरण, आणि त्याचं रूट आपल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या यादीत. त्याला परवाना लागत नाही. टेंडरला किंवा आरओसीच्या फायलिंगला जे डीएससी टोकन लावतो, त्याची गोष्ट वेगळी. तिथे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आला, केंद्राचा नियंत्रक आला आणि त्याने परवाना दिलेल्या संस्था आल्या. आपल्या पुण्याची सी-डॅक त्यांतलीच एक. आतल्या नेटवर्कसाठी मात्र ओपनएसएसएल किंवा स्टेप-सीए पुरतं, आणि दोन्ही फुकट.

फुकट आहे म्हणून सैल ठेवू नका. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या प्राधिकरणातून गुगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं बाहेर पडली. ती रद्द झालीच, शिवाय गुगलने क्रोममध्ये एनआयसीच्या वरच्या भारतीय रूटचा अधिकार मोजक्या भारतीय डोमेनांपुरता आवळला. फायरफॉक्स वापरणारे बचावले, कारण त्याची विश्वासाची यादी वेगळी आणि तिच्यात हे रूट नव्हतंच.

२०१५ चा सुपरफिश प्रकार त्याहून थरारक. लेनोव्होच्या कित्येक लॅपटॉपांवर जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आपलं रूट घेऊन आलं, आणि सगळ्या लॅपटॉपांवर त्याची खासगी किल्ली, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, एकच! रॉबर्ट ग्रॅहम या संशोधकाने तिचा पासवर्ड हुडकून काढला: ‘कोमोडिया’. ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीचंच नाव.

म्हणून रूटची किल्ली नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर किंवा कपाटातल्या पेनड्राइव्हवर, आणि तीही पासवर्ड घालून. मास्टर गेज कोणी रोज जॉबला लावत नाही. रोजच्या सह्या मधल्या प्राधिकरणाने कराव्यात. रूट बनवतानाच ‘नेम कन्स्ट्रेंट’, म्हणजे ते कोणत्या नावांपुरतं चालेल याची मर्यादा, घाला. मग किल्ली चोरीला गेली तरी तिच्यातून बँकेचं खोटं सर्टिफिकेट चालणार नाही. आतल्या नावांसाठी ‘डॉट इंटर्नल’ वापरा. २०२४ मध्ये इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने ते खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलंय.

हमखास अडवणाऱ्या दोन गोष्टी. क्रोम २०१७ पासून सर्टिफिकेटमधला ‘कॉमन नेम’ हा रकाना बघतच नाही, नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच हवं. आणि अँड्रॉइड ७ पासून मोबाइलमधली बहुतेक ॲप्स आपण घातलेलं रूट मानत नाहीत. ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडतो, ॲपमध्ये उघडत नाही, याचं कारण बहुधा हेच.

मुदतीचं काय? सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत टप्प्याटप्प्याने घटवत मार्च २०२९ पासून जेमतेम ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. स्वतःच्या रूटवर हे बंधन नाही, पण ॲपलची उपकरणं ८२५ दिवसांपलीकडचं सर्टिफिकेट नाकारतात, मग रूट कुणाचंही असो. मी तर वर्षाचीच मुदत ठेवायला सांगेन, आणि बदलायचा वार गुरुवार. एमआयडीसीला सुट्टी, मशीन थंड, आणि काही बिघडलंच तर शुक्रवारची पहिली शिफ्ट लागायच्या आत निस्तरता येतं.