शिवराईचा भाव

घरात जुनी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, सापडली की पहिला प्रश्न ठरलेला : किती लाख येतील? खरा आकडा ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. साध्या, झिजलेल्या शिवराईचे काहीशे रुपये येतात. लाखांची गोष्ट सोन्याच्या होनाची. वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम, पण अस्सल होन इतके थोडे उरलेत की लिलावात एखादा आला तरी संग्राहकांची झोप उडते.

गंमत म्हणजे दोन्ही नाण्यांवर मजकूर एकच. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. फारसी नाण्यांच्या त्या काळात ही देवनागरी म्हणजे राज्याभिषेकाची जाहीर द्वाहीच होती. त्या सोहळ्याला, जून १६७४ मध्ये, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. मुंबईचे इंग्रजी नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याने तहात मागितले होते. महाराजांनी आधी त्याला हरकत घेतली. रयतेवर नाण्याची सक्ती करता येत नाही. कस चांगला असेल तर लोक ते आपणहून घेतील, असा त्यांचा मुद्दा होता. चलनाबद्दल इतका रोखठोक विचार त्या काळच्या दरबारांत क्वचितच दिसतो.

मग शिवराया इतक्या ढिगाने का सापडतात? कारण महाराजांनंतरही त्या पडतच राहिल्या. पेशव्यांनी कारभार हाती घेतला, पण तांब्याच्या पैशावरचे नाव बदलले नाही. टांकसाळी चालवायचे परवाने खासगी लोकांना मिळत. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावर लिहिलेल्या निबंधात १७४४ च्या सुमाराच्या नागोठण्याच्या परवान्याची हकिगत येते. त्यात नाण्याचे वजन ठरवून दिले होते : दहा मासे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, तरी शिवराई बाजारात पुढे कित्येक वर्षे फिरत होती.

नाण्यावर साल नाही, टांकसाळीचे नावही नाही. म्हणून जाणकार अक्षरांकडे बघतो. कुठे ‘शिव’चा ‘सिव’ झालेला, कुठे ‘पति’चा ‘पती’. ठसा कोरणाऱ्याला अक्षर येत होते की तो नुसते चित्र उतरवत होता, असा प्रश्न पडावा इतकी काही अक्षरे वाकडी. शिवाय ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे ‘श्री’ अर्धी बाहेर, ‘छत्र’ उरलेले आणि ‘पति’ गायब, असा प्रकार नेहमीचाच. दोन्ही बाजूंचा पूर्ण मजकूर, भोवतीची ठिपक्यांची कडा आणि भरीव वजन एकत्र आले की भाव चढतो. विक्रेता ‘शिवकालीन’ म्हणाला म्हणून चढत नाही. तो शब्द या बाजारात फार स्वस्त आहे.

भाव उतरवायचे काम मात्र घरच्या घरी होते. चिंच लावून घासले की नाणे लखलखते आणि तांब्यावर शे-दोनशे वर्षांत बसलेला काळपट थर निघून जातो. संग्राहक असे नाणे हातात घेतो आणि परत ठेवतो. ओतीव नकला वेगळ्याच : पृष्ठभागावर बारीक छिद्रे, कडेला सांध्याची रेघ, अक्षरांना धार नाही.

शेतात नांगराला अशा नाण्यांचा हंडा लागला तर तो गुपचूप विकता येत नाही. दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयेही तेव्हाचेच. आज एक फुटकळ शिवराईदेखील ती मर्यादा सहज ओलांडते.