जिना चढणारा कंडक्टर

जानेवारी उजाडला की कंपन्यांमध्ये फिटनेसचं वारं शिरतं. एचआरचा मेल येतो, रंगीत टी-शर्ट वाटले जातात, महिनाभराचं ‘स्टेप चॅलेंज’ लागतं. पहिला आठवडाभर मंडळी फोन खिशात टाकून कॅन्टीनला फेऱ्या घालतात. संक्रांतीचा तिळगूळ संपतो तसा उत्साहही संपतो. मग खापर नेहमीच्याच ठिकाणी फुटतं: आपल्यात जिद्दच नाही.

खापर फोडण्याची ही जागा चुकते आहे, हे सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या डबलडेकर बसनं दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकारानं दगावू लागले होते आणि कारण नीट उमगत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांना वाटलं, माणूस दिवसभर काम काय करतो, हे एकदा पाहावं. त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे 31 हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच धुरात, साधारण सारख्याच परिस्थितीतले. फरक मुख्यतः कामाचा. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून. कंडक्टर मात्र तिकिटं देत सतत वर-खाली, दिवसाला 500 ते 750 पायऱ्या.

निष्कर्ष 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा होत होता आणि झटक्यानंतर लगेच दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होतं. टपाल खात्यातही तेच दिसलं: पत्रं वाटत हिंडणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

शंका निघाली, मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी सरळ गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर खरोखरच जास्त निघाला, म्हणजे शंका अगदीच पोकळ नव्हती. पण पुढच्या अभ्यासात सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून पाहिलं, तरी कंडक्टरांचं पारडं जडच राहिलं.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या कंडक्टरांपैकी कुणीही ‘व्यायाम’ म्हणून पायऱ्या चढत नव्हता. पहाटेचा गजर नाही, संकल्प नाही, जिमची फी नाही. जिना त्याच्या नोकरीतच होता. आपल्या बेस्टच्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, एक खाली आणि एक वर. बस तशीच दुमजली. पण कामाची वाटणी बदलली की पायऱ्याही बदलतात.

आता आपल्या ऑफिसातला जिना आठवून पाहा. आत शिरल्याबरोबर समोर चकचकीत लिफ्ट. जिना कोपऱ्यात, जड दारामागे. दार ढकलावं तर ट्यूबलाइट गेलेली, पहिल्याच वळणावर जुन्या प्रिंटरचे खोके, भिंतीला पानाची नक्षी. दोन मजले उतरायचे असतानाही माणूस लिफ्टसाठी थांबतो. ते आळसापायी नव्हे, इमारत त्याला तिकडेच ढकलते. सोसायटीतही तीच तऱ्हा. क्लबहाउसमध्ये ट्रेडमिल आहे, पण चावी वॉचमनकडे. पोरांच्या खेळण्याच्या जागेत गाड्या लागतात आणि आजोबांना फेरी मारायची तर दर वळणावर हॉर्न.

याची किंमत किती? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या 2024 च्या अंदाजानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी होत नाही, 2000 साली हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होतं. स्त्रियांमध्ये ते 57 टक्के आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींहून अधिक आहेत. दोन्हींचं नातं सरळ आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. मांडी आणि पोटरीचे स्नायू शरीरातले मोठे गिऱ्हाईक. खुर्चीत ते तासन्‌तास बंद दुकानासारखे पडून राहतात. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तरी साखरेची उसळी कमी होते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सुचवते. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरली जात. 2020 पासून ही अट गेली. म्हणजे दोन मिनिटांचा जिनाही आता हिशेबात आहे.

सामूहिक सवय कशी लागते, याचे नमुने जुने आहेत. जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर कवायत लागते आणि कारखान्यांत पाळीच्या सुरुवातीला सगळे मिळून ती करतात. आपल्याकडे कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम होती. पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर वस्तादाचा निरोप घरी जाई. तिथंही जिद्द एकट्याची नसे, गल्लीची असे.

म्हणून कंपन्यांना आणि सोसायट्यांना सांगणं इतकंच: टी-शर्टचा खर्च जिन्यावर करा. दिवे लावा, खोके हलवा, भिंती रंगवा. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं वाढवा आणि त्या वेळेत मीटिंग ठेवू नका. मीटिंगच्या सामोशाशेजारी चणे-शेंगदाणे ठेवा, चहात साखर वेगळी द्या. आवारात संध्याकाळी तासभर गाड्यांना बंदी घाला. गुडघे दुखणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि अपंगांना लिफ्ट हवीच. इतरांना मात्र जिना आधी दिसू द्या.

सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीचा विषय येईलच. त्याच्या खाली आणखी एक विषय लिहून द्या: जिन्यातले दिवे.